साखर आणि शुगर

यंदाच्या आषाढात एके दिवशी सकाळी उपाशीपोटी रक्त देऊन आलो आणि संध्याकाळी कागद हाती पडला. कागदावर आकडा होता १६२. डॉक्टर आमचे जुने स्नेही. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि एखाद्या नव्या पाहुण्याची ओळख करून द्यावी तशा स्वरात ते म्हणाले, "सर, तुम्हाला शुगर आहे."

आमच्या घरात बातमी पसरायला वेळ लागत नाही. मी चपला काढतो आहे तोवर सौ.ने साखरेचा डबा ओट्यावरून उचलून वरच्या फळीवर नेऊन ठेवला होता, आणि आई गॅलरीतून शेजारच्या काकूंना सांगत होती, "शुगर झालीय हो त्याला. आता साखर बंद!"

दुसरा कोणी असता तर अशा वेळी पथ्यपाण्याच्या काळजीला लागला असता. पण वीस वर्षे कॉलेजात मराठी शिकवलेल्या माणसाचे डोके ठिकाणावर राहिलेले असतेच असे नाही. मी आईच्या त्या वाक्यापाशीच अडकून बसलो. शुगर झाली, साखर बंद! वस्तू एकच, पण आईने दोन शब्दांत तिची कशी नेमकी वाटणी करून टाकली होती. डब्यातली ती साखर, रक्तातली ती शुगर. साखर वाटायची, शुगर तपासायची. 'साखर वाढली' म्हटले की ती बाजारभावाची बातमी आणि 'शुगर वाढली' म्हटले की ती घरातली. आपल्याकडे शब्द नसला म्हणजे आपण तो उसना आणतो, असे मी मुलांना शिकवत आलो. इथे तर घरचा 'साखर' होता, 'मधुमेह'ही होता. तरी आपण तिसरा आणलाच.

आणि गंमत अशी की हा तिसरा खरे पाहता उसनाही नाही. तो आपलाच आहे. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी घरातून निघालेला मुलगा परदेशी वेष करून दारात उभा राहावा आणि घरच्यांनी त्याला ओळखू नये, तसे या शब्दाचे झाले आहे. या सदरात वर्षभर आपण शब्दांच्या मागे गल्लीबोळांतून हिंडत असतो. दिवाळीच्या निमित्ताने थोडा लांबचा प्रवास करायला हरकत नाही.

संस्कृतात 'शर्करा' या शब्दाचा पहिला अर्थ मुळीच गोड नाही. शर्करा म्हणजे खडे, रेव, वाळूचा भरड कण. वैदिक वाङ्मयात ती भेटते ती अशी, पायाला टोचणारी. पुढे कुणीतरी उसाचा रस आटवताना गुळापाशी न थांबता त्याचे कण पाडले, आणि ते कण पाहून त्याला नदीकाठची रेव आठवली असावी. म्हणजे हे नाव चवीवरून पडलेले नाही, दिसण्यावरून पडलेले आहे. पालीमध्ये या शब्दाचे 'सक्खरा' झाले. तिथेही दोन्ही अर्थ नांदत होते, खडा आणि साखर. मग जोडाक्षर सुटले, आधीचा स्वर लांबला आणि मराठीत 'साखर' आली. हस्ताचा हत्थ आणि हत्थाचा हात झाला, त्याच वाटेने. आपण मुलाच्या हातावर 'खडीसाखर' ठेवतो तेव्हा, मूळ अर्थ धरला तर, खड्यांचेच खडे ठेवत असतो!

रोगाशी या शब्दाचे नाते नवे आहे असेही समजू नका. सुश्रुतसंहितेत मूतखडा फुटून जे बारीक कण पडतात त्या व्याधीला 'शर्करा' असेच म्हटले आहे. मधुमेह निराळा. त्याच्या रोग्याच्या मूत्राला मुंग्या लागतात, हे आपल्या जुन्या वैद्यांनी पाहून ठेवले होते. मुंग्यांनी केलेली तपासणी! आमच्या डॉक्टरांच्या तपासणीपेक्षा स्वस्त खरी.

आता शब्द घराबाहेर पडतो. अलेक्झांडरचा सेनानी निआर्कस याने इकडच्या वेळूंविषयी लिहून ठेवले की, मधमाश्या नसताना ते मध देतात. त्याला ऊस म्हणजे काय ते ठाऊक नव्हते. ग्रीकांनी शब्द नेला तो 'ख'सकट, 'साक्खारोन'. लॅटिनमध्ये त्याचे 'साक्कारुम' झाले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी सांगतो की ही वस्तू फक्त औषधाला वापरतात. म्हणजे तिकडे साखर प्रथम पोचली ती वैद्याच्या बटव्यात, स्वयंपाकघरात नव्हे. ग्रीकांच्या वाटेनेच शब्द पुढे रशियात गेला. रशियन माणूस आजही साखरेला जे म्हणतो ते ऐकाल तर दचकाल, कारण ते जवळजवळ 'साखर' असेच ऐकू येते. आणि १८७९ साली अमेरिकेत एका प्रयोगशाळेत साखरेचा कणही नसलेला एक गोड पदार्थ सापडला, त्याचे नाव याच शब्दावरून 'सॅकरीन' ठेवले गेले. साखर बंद झालेल्यांच्या चहातही साखर आली ती अशी, नावापुरती.

दुसरी वाट इराणातून गेली. इराण्यांनी 'शकर' म्हटले, अरबांनी 'सुक्कर'. अरब साखर घेऊन भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने स्पेनपर्यंत गेले. तिथल्या लोकांनी शब्दाबरोबर अरबीतले 'अल' हे उपपदही गिळून टाकले आणि 'अझुकार' केले. पाहुण्याला त्याच्या टोपीसकट घरात घ्यावे तसे! इटलीत त्याचे 'झुक्केरो' झाले, फ्रान्समध्ये 'स्युक्र', जर्मनीत 'झुकर', आणि फ्रेंचांच्या मागून इंग्लंडात 'शुगर'.

हे सारे मी एका रात्री जेवणाच्या टेबलावर सांगत होतो. (तोंड गोड करायला दुसरे काही उरले नव्हते.) आमचे चिरंजीव इंजिनिअरिंगला आहेत. ते एकदम म्हणाले, "म्हणजे बाबा, आपण 'श'चा 'स' केला आणि इंग्रजांनी आपला मूळ 'श' जपून ठेवला!" कल्पना मोठी मोहक होती. पण व्युत्पत्तीच्या वाटेवर अशी मोहक वळणे फार असतात आणि ती बहुधा खड्ड्यात नेतात. इंग्रजांकडे शब्द आला तेव्हा त्याचा 'श' केव्हाच गळून गेला होता, फ्रेंचमध्ये 'स'च होता. इंग्रजी जिभेवर 'स्यु'चा पुढे 'शु' झाला. 'खात्री' या अर्थाचा त्यांचा 'शुअर' हा शब्दही तसाच झाला. हरवलेला 'श' परत मिळाला तो निव्वळ योगायोगाने.

या शब्दाच्या भावंडांचीही तीच तऱ्हा. उसाच्या घट्ट तुकड्याला आपण 'खंड' म्हटले, त्याची 'खांड' झाली. इराण्यांनी त्याचा 'कंद' केला. गुलाबाच्या पाकळ्यांत तो मुरला आणि 'गुलकंद' होऊन आपल्याकडे परत आला. तोच युरोपात जाऊन इंग्रजांचा 'कँडी' झाला. इंग्रज गुळाला 'जॅगरी' म्हणतो. तो शब्द त्याने पोर्तुगिजांकडून घेतला, पोर्तुगिजांनी आपल्या दक्षिणेकडच्या 'चक्करा'वरून, आणि ती 'चक्करा' म्हणजे पुन्हा शर्कराच. म्हणजे इंग्रजीत 'शुगर' आणि 'जॅगरी' ही एकाच आईची दोन लेकरे आहेत, फक्त एकमेकांना ओळखत नाहीत. हिंदी मुलखात पांढऱ्या साखरेला 'चिनी' म्हणतात. सातव्या शतकात चीनच्या बादशहाने साखर कशी करतात ते शिकायला मगधात माणसे पाठवली होती. शिकवले आपण आणि नाव लागले त्यांचे! खडीसाखरेला 'मिश्री' म्हणतात, ते मिसरचे, म्हणजे इजिप्तचे नाव.

इंग्रजीत 'शुगर' लिहिलेला सापडतो तो तेराव्या शतकाच्या अखेरीपासून. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो. त्याच सुमारास, शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, आमच्या जिल्ह्यात नेवाशाला प्रवरेच्या काठी ज्ञानेश्वरी सांगितली जात होती. तिच्यात साखर आहे, आणि ती अगदी घरच्यासारखी येते. ऐकणाऱ्याला समजावून सांगावी लागत नाही. तिकडे लंडनच्या बाजारात हा शब्द महाग औषधासारखा जपून उच्चारला जात असताना इकडे नेवाशाच्या देवळात साध्या माणसांना परमार्थ सांगायला तो उपयोगी पडत होता.

आणि आईने केलेली ती वाटणी? तीही जगावेगळी नाही. अरब लोक मधुमेहाला 'सुक्करी' म्हणतात, इराणात तो 'कंदाचा आजार' आहे, आणि जर्मन माणूसही त्याला सरळ साखरेचा रोग म्हणतो. जिथे जिथे शब्द गेला तिथे तिथे रोगाने त्याचे बोट धरले.

वाचकहो, आपला शब्द जगभर फिरून आला हे कळले की कुणाचीही छाती फुगते. माझीही फुगली. श्रावणात द्वितीय वर्षाच्या वर्गावर मी हे व्याख्यान असे काही रंगवले की तास संपल्याची घंटा झाली तरी मुले उठली नाहीत. पण एक गोष्ट मी त्या दिवशी सांगितली नव्हती. ठाऊक होती, पण रंगाचा बेरंग होईल म्हणून वगळली होती. ती अशी की शब्द कधी एकटा प्रवास करत नाही. त्याच्यामागून वस्तू जाते आणि वस्तूमागून ती पिकवणारी माणसे फरफटत जातात.

१४९३ साली कोलंबसाने आपल्या दुसऱ्या सफरीत उसाची बेणी अटलांटिकपलीकडे नेली. पुढे त्या बेटांवर उसाचे मळे उभे राहिले आणि ते राबवायला आफ्रिकेतून माणसे पकडून नेण्यात आली, पिढ्यान्‌पिढ्या, लाखांनी. १८३३ साली ब्रिटिश पार्लमेंटने आपल्या वसाहतींतली गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला, तेव्हा मळेवाल्यांना नवे हात हवे झाले. १८३४ पासून ते हिंदुस्थानातून करारावर मॉरिशसला जाऊ लागले. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत जवळपास पाच लाख माणसे गेली. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज आजही तिथे गणपती बसवतात. इंग्रजी 'अ‍ॅग्रीमेंट' या शब्दाचे या मजुरांच्या तोंडी 'गिरमिट' झाले. आपल्या 'शर्करे'ची त्यांनी 'शुगर' केली, त्यांच्या 'अ‍ॅग्रीमेंट'चे आपण 'गिरमिट' केले. शब्दांचा हिशेब बरोबरीत सुटला, माणसांचा सुटला नाही.

हे फार दूरचे झाले. घराकडे येऊ. आमच्या जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. कागदावर ते बसले आहे, जिभेवर अजून 'नगर'च येते. या जिल्ह्याचे दोन भाग आहेत, आणि ते नकाशावर नव्हे तर पाण्यावर पडले आहेत. प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. कालव्यांचे पाणी राहुरी, श्रीरामपूरच्या बाजूला खेळले आणि तिथे ऊस उभा राहिला. हरेगावला बेलापूर कंपनीचा कारखाना आला, टिळकनगरला दुसरा आला. मग विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकरी जमवले, धनंजयराव गाडगीळांनी सहकाराचे शास्त्र आणले आणि लोणीला प्रवरेचा कारखाना उभा राहिला. १९५०-५१ हा त्याचा पहिला गळीत हंगाम. माझ्या आईचा जन्मही १९५० चा. ती सांगते की तिच्या लहानपणी घरात चहा गुळाचा होत असे. साखर कुलपात असायची आणि पाहुणा आला म्हणजेच बाहेर यायची. तिच्या डोळ्यांदेखत साखर कुलपातून निघून ओट्यावर आली आणि परवा तिच्या लेकामुळे वरच्या फळीवर गेली!

कारखान्याने आमच्या मराठीला शब्दही पुष्कळ दिले, आणि दिले ते घरचेच. ऊस ज्या यंत्रात सोडतात त्याला म्हणतात 'गव्हाण', जशी गोठ्यातल्या बैलाची. हंगामाच्या आरंभी तिची पूजा करतात आणि मग तिच्यात पहिली 'मोळी' टाकतात. शंभर किलो उसातून दहा-अकरा किलो साखर निघते, त्या प्रमाणाला 'उतारा' म्हणतात. आम्ही मास्तर मंडळी पुस्तकातला उतारा काढतो, आजीबाई दृष्टीचा उतारा काढतात आणि कारखाना साखरेचा. तिन्हींत सर्वांत जास्त चर्चा तिसऱ्याची होते, हे सांगायला नको.

जिल्ह्याचा दुसरा भाग पाथर्डी, शेवगाव, जामखेडचा. तिथे कालव्याचे पाणी फारसे नाही. तिथून आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास माणसे ऊस तोडायला निघतात. १९७२ च्या दुष्काळानंतर ही वाट फारच रुळली. आम्ही नगरचे लोक दर वर्षी हायवेवर त्यांच्या गाड्या पाहतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, सरपण, शेळी, वर बसलेली मुले. पाहतो आणि 'आला हंगाम' म्हणून काच वर करतो.

भाद्रपदात चाचणी परीक्षा घेतली. व्याख्यानाची नशा उतरलेली नव्हती म्हणून प्रश्न घातला : 'साखर' हे पूर्वपद असलेले पाच सामासिक शब्द लिहा, प्रत्येकी एक गुण. साखरपुडा, साखरझोप, साखरभात, साखरगाठी, साखरपेरणी असे शब्द येत होते. एका उत्तरपत्रिकेत पाचवा शब्द होता 'साखरशाळा'. मी हसलो. पोरीला पाचवा सुचला नाही म्हणून तिने जोडून दिला, असे वाटले. तांबड्या शाईने गोल केला, वर प्रश्नचिन्ह काढले आणि एक गुण कापला.

दुसऱ्या दिवशी मुलगी स्टाफरूमच्या दारात उभी. पाथर्डी तालुक्यातली. वर्गात मागच्या बाकावर बसणारी, फारशी न बोलणारी. मागच्या वर्षी दिवाळीनंतर ती वर्गातून जी नाहीशी झाली ती फाल्गुनात उगवली, म्हणून माझ्या मनात तिची नोंद 'बेफिकीर' अशी होती.

"सर, हा शब्द चूक आहे का?"

"कोशात नाही तो." मी कुलकर्ण्यांच्या व्युत्पत्ति कोशाकडे बोट केले. १९४६ साली निघालेला तो ग्रंथ माझ्या टेबलावर कायम असतो आणि मुलांना गप्प करायला उपयोगी पडतो.

ती गप्प झाली नाही. "पण सर, मी तिथंच शिकले. तिसरी आणि चौथी."

मग तिने सांगितले. ऊसतोडीला आईबापांबरोबर मुलेही जातात. त्यांचे वर्ष बुडू नये म्हणून कारखान्याच्या तळाजवळ हंगामापुरती शाळा भरायची, तिला साखरशाळा म्हणत. तिची शाळा पत्र्याची होती. फळा होता, घंटा नव्हती. कारखान्याचा भोंगा झाला की शाळा सुटली असे समजायचे. आता अशा शाळा फारशा राहिल्या नाहीत. मुलांना गावीच हंगामी वसतिगृहात ठेवण्याकडे कल आहे, पण सगळीच मुले काही मागे राहत नाहीत.

"आणि मागच्या वर्षी? चार महिने कुठे होतीस?"

"कारखान्याला गेले होते सर."

"नोकरी?"

ती हसली. नगरमध्ये राहून इतके कसे कळत नाही, असे ते हसणे होते. "तोडायला, सर. आईची कंबर धरली. मग वडलांचा कोयता अर्धा झाला असता."

हा वाक्प्रयोग मी प्रथमच ऐकत होतो. तिने समजावला. फडावर कोयता म्हणजे नुसते हत्यार नव्हे. कोयता म्हणजे एक जोडपे, नवरा आणि बायको. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. दोघांतले एक आले नाही तर तो 'अर्धा कोयता'. उचल पूर्ण कोयत्याची घेतलेली, तेव्हा आईच्या जागी लेक उभी राहिली. एक दिवस चुकला तर 'खाडा', आणि त्याचा दंड उचलीत मिळवायचा. उसाच्या शेंड्याचा हिरवा पाला ती 'वाढे', वाळलेला तो 'पाचट', पाचटाची झोपडी ती 'कोपी'. मी मास्तर होतो आणि ती सांगत होती. मी समोरच्या कागदावर उतरून घेत होतो. नवरा-बायको या दोन माणसांना मिळून एका लोखंडी पात्याचे नाव देणारी भाषा माझी होती आणि मला ती ठाऊक नव्हती. मुकादम, उचल, अर्धा कोयता हे ऐकताना मला श्रावणातल्या व्याख्यानातून वगळलेले 'गिरमिट' आठवत होते.

विषय बदलावा म्हणून मी तिच्या बाकीच्या उत्तरांकडे वळलो. "साखरझोप बरोबर आहे," मी म्हणालो, आणि मास्तरकीच्या सवयीने अर्थही सांगू लागलो, "पहाटेची, सर्वांत गोड झोप. डॉक्टरांनी मला पहाटे फिरायला सांगितलेय, तेव्हापासून आमची तीही गेली."

"हो सर," ती सहज म्हणाली, "आम्ही त्या वेळी फडातच असतो. तीनला निघावं लागतं."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरे वाटले असते.

मी तिचा एक गुण परत दिला. पाचापैकी पाच. तिने उत्तरपत्रिका घडी करून वहीत ठेवली आणि जाता जाता म्हणाली, "यंदाही उचल घेतलीय सर. आईला बरं वाटलं तर ती जाईल." वाक्याचा दुसरा भाग तिने उच्चारला नाही. मराठीत असे अर्धे वाक्य पुष्कळ वेळा पूर्ण असते.

तेव्हापासून मी दोन-तीन गोष्टी केल्या आहेत. प्राचार्यांशी बोललो. ती गेलीच तर टिपणे आणि निबंध फोनवर घेता येतील, परीक्षेचा अर्ज अडणार नाही, एवढे ठरले. हजेरीचा नियम आमच्यापुढे आहे आणि तिच्या बापापुढे उचलीचा कागद आहे. या दोहोंच्या मध्ये आमचे हे ठरणे किती पुरे पडेल, हे सांगण्याइतका मी धीट नाही. आणि कोशात 'साखर'च्या पानावर कोऱ्या जागेत पेन्सिलीने एक शब्द लिहून ठेवला : साखरशाळा. खाली 'कोयता'चे पान काढले. तिथे जागा थोडी होती, तरी 'जोडपे' एवढे मावले.

'शुगर' आपला शब्द आहे हे मी यापुढेही वर्गात सांगेन. ते खरे आहे आणि मुलांना ते ठाऊक असावे. पण जो शब्द तिकडे रोमला जाऊन आला त्याचा माग मी काढत बसलो आणि जो पाथर्डीहून एस.टी.ने माझ्या वर्गात आला त्याला तांबड्या शाईने गोल केले, हेही त्याबरोबर सांगावे लागेल. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा गव्हाणींची पूजा झालेली असेल किंवा व्हायची असेल. मागच्या बाकावरची ती जागा भरलेली असेल की रिकामी, हे आज आश्विनात लिहिताना मला ठाऊक नाही.

परवा रात्री हे सारे घरी सांगितले. सौ. काही बोलली नाही. आईने सगळे ऐकून घेतले, उठली, स्टूल ओढले आणि वयाला न शोभेल अशा चपळाईने वरच्या फळीवरचा साखरेचा डबा खाली काढला.

"अगं, हे काय? मला बंद आहे ना?"

"तुला कोण देतंय?" आई म्हणाली. "रव्याचे लाडू करते उद्या. त्या पोरीला डबा नेऊन दे सुटी लागायच्या आत. शुगर तुला झालीय, तिला नाही."